ते शेअर घेतले कोणी?

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला लागलो की आई कान टवकारून शेजारी बसते, म्हणून हे पत्र. उत्तर माझ्या चष्म्याच्या दुकानावर पाठव, घरी नको.

बाबा ज्या लिफ्ट कंपनीत कामाला होते, तिचं काही खरं दिसत नाही. भाव रोज घसरतोय, बँकांचे हप्ते थकलेत, हिशेब तपासणारे मध्येच सोडून गेले. मी आईला म्हटलं, आपल्याकडचे तिचे शेअर विकून टाकू. ती म्हणाली, यांना विचारून सांगते. बाबांना जाऊन वर्ष होत आलं, ताई!

आपल्या इमारतीतली लिफ्ट त्यांनीच बसवलेली. हल्ली कुणी बटण न दाबता ती आपल्या मजल्यावर येते, दार उघडतं, आत कुणी नसतं. आई जाऊन समोर उभी राहते. परवा मीही राहिलो. आतून तेलाचा वास आला, बाबांच्या सदऱ्याला यायचा तसाच. हसू नकोस.

लोभ आहेच, धीरही थोडा पाठव.
तुझा बारक्या

११ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

हसले नाही. लिफ्टला तेल लागतं, वास येणारच.

बुडत्या कंपन्यांचे कागद बघणं हेच माझं काम, म्हणून स्पष्ट सांगते. कंपनी मोडली की आधी बँका, कामगार, माल पुरवणारे. भागधारकाची पाळी येईपर्यंत पातेल्यात खरवडही उरत नाही. नवा मालक आला आणि कंपनी वाचली, तरी जुने शेअर वाचतील असं नाही. पण ते आईच्या नावावर आहेत. तिच्यावर जबरदस्ती नको. तिला भागधारकांच्या सभेला ने, तिच्या डोळ्यांनी बघू दे. आणि स्वतः तिथे भाषणाला भुलू नकोस, तू लहानपणापासून भोळा सांब.

माया आहे, ती गृहीत धर.
ताई

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

भुललो होतो. सभेत अध्यक्षांनी नव्या भांडवलाची अशी आशा दाखवली की मला वाटलं, ठेवूनच द्यावेत. तेवढ्यात आई उठली. माईक दोन्ही हातांनी धरून तिने विचारलं, जुन्या लिफ्टांची देखभाल आता कोण करतं? अध्यक्षांनी शेजारच्याकडे बघितलं, शेजारच्याने टेबलाकडे. शेवटी कळलं, तो विभागच बंद केलाय. म्हणजे आत माणसं आहेत आणि बघायला कुणी नाही, असं म्हणून आई खाली बसली. बाहेर येताच मला म्हणाली, विकून टाक, आता यांना विचारायला नको.

विकले. लिफ्टलाही बाहेरचा मेकॅनिक आणला. वायरिंगमध्ये दोष होता. आता ती बोलावल्याशिवाय येत नाही.

पण आई विचारते, ते शेअर घेतले कोणी? मी म्हटलं, बाजारात कुणीतरी घेतं. कुणीतरी म्हणजे कोण, आणि त्याला हे सगळं ठाऊक आहे का, असं ती पुन्हा पुन्हा विचारते.

आठवण ठेव.
बारक्या

९ एप्रिल

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

कंपनीच्या शेअरचे व्यवहार बंद झाले, जुने शेअर रद्द होणार. आपण थोडक्यात सुटलो रे! आईला सांग, म्हणजे तिच्या जिवाला स्वस्थता येईल.

घाईत आहे, माया तेवढीच.
ताई

२० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न.

सांगितलं. आई जेवली नाही. आता ती बाबांचं नावही काढत नाही. बोलते ते त्या घेणाऱ्याबद्दल. त्याला मुलं असतील का? आपल्याला कळलं होतं, मग त्याला कुणी सांगायचं? मी म्हणतो, बाजार असाच असतो. ती मान हलवते, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच.

काल दुकानात एक अनोळखी म्हातारे काच बदलायला आले. बोलता बोलता म्हणाले, स्वस्त मिळाले म्हणून लिफ्ट कंपनीचे शेअर घेतले, सगळं गेलं. मी काच बसवून चष्मा पुसून दिला. मी पैसे घेतले नाहीत. त्यांनी कारण विचारलं, तर मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, तो हा नसेल रे. मीही म्हटलं, नसेल. मग आम्ही दोघंही एकमेकांकडे न बघता ताटं घ्यायला उठलो.

लोभ असू दे, ताई. सध्या इथे त्याची गरज आहे.
तुझा बारक्या