बाईंचं ‘विचार करू’

५ फेब्रु., डीमन (घरी)
बाईंच्या ऑफिसातून अखेर मेल. (बाई म्हणजे माझ्या थीसिसच्या जपानी खासदारबाई. नाव इथेही नको.) मुलाखतीबद्दल एकच ओळ: ‘केंतो शिमास’. विचार करू. झालं! आपलं ‘बघू’ असतं ना, तेच. माझा नवरा समीर भिंतीवरच्या शेल्फबद्दल सहा महिने ‘बघू’ म्हणतोय. मुलाखत नाही, म्हणजे शेवटचा चॅप्टर लंगडा.

६ फेब्रु., लायडन (युनिव्हर्सिटीत)
यानला सांगितलं. (गाइड. ‘सर’ म्हटलं की चिडतो.) तो खूश! “विचार करतायत ना? मग थांब की.” या डच माणसाला कसं समजवायचं? इथे नाही म्हणजे तोंडावर नाही.

१२ फेब्रु.
आधी नगरपरिषद, मग प्रांताची विधानसभा, मग संसद. बाईंची सगळी इतिवृत्तं पुन्हा चाळली. गावात होत्या तेव्हा सरळ ‘जमणार नाही’ म्हणायच्या. प्रांतात गेल्यापासून उठसूट ‘विचार करू’. मी सगळीकडे ‘नकार’ असं लिहिलंय. वर चढल्या नि गुळमुळीत झाल्या, हा माझा अख्खा मुद्दा. जाम खूश आहे मी त्यावर. मार्चअखेर सबमिशन.

२० फेब्रु.
अगं बाई! मुलाखत मिळाली! पुढच्या शुक्रवारी, व्हिडिओ कॉलवर, इथले सकाळचे नऊ. म्हणजे त्या खरंच विचार करत होत्या?? यान नुसता हसला. मेला.

२७ फेब्रु.
झाली. बाई कसल्या गप्पिष्ट! बोलता बोलता संत्रं सोलत होत्या. धीर करून विचारलं, “विचार करू म्हणजे नाहीच ना?” हसल्या. “डोंगरातल्या गावांच्या बसबद्दल तेच म्हटलं होतं. दोन वर्षांनी सुरू झाली. वाचलं नाहीत?”
नव्हतं वाचलं. कान गरम झाले. ‘विचार करू’ दिसलं की माझ्या लेखी विषय संपायचा. पुढच्या वर्षांचं काही उघडलंच नाही. मराठी कान!
मग त्या स्वतः शिकल्या त्या गावच्या शाळेचं विचारलं, बंद पडली ती. “तिथेही विचार करू म्हणालात. तो नकार होता?”
बाईंनी संत्रं खाली ठेवलं. “त्या दिवशी माझं मलाच माहीत नव्हतं.”

१ मार्च
चॅप्टर कोसळला. मुदतवाढ मागितली, यानचं एका शब्दात उत्तर: नाही. खरं तर रडू यायला हवं. येत नाहीये, उलट मजा येतेय. समीर नि आमची लेक इरा सायकली घेऊन बाहेर, घर माझं एकटीचं. दोन रकाने आखलेत, होकार नि नकार. प्रत्येक ‘विचार करू’चं पुढे काय झालं ते शोधतेय. बस होकारात गेली. शाळा बंदच झाली, म्हणून नकारात टाकायला गेले, तर बाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आला. ती ओळ अजून दोन्ही रकान्यांच्या बाहेरच आहे.