मिनोवाच्या उडीबद्दल माझं स्पष्ट मत

१२ ऑक्टोबर

लॉटरी लागली! पैशांची नव्हे, तिकिटांची. डिसेंबरातली राष्ट्रीय फिगर स्केटिंग स्पर्धा यंदा आमच्या नागोयात आहे. मागणारे एवढे असतात की तिकिटं सोडत काढून देतात. मला मिळाली: पुरुषांचा शेवटचा दिवस (२१ डिसेंबर), दोन जागा, खालून सहावी रांग. कोण बुटाच्या पात्याच्या कुठल्या धारेवरून उडतो ते चष्म्याशिवाय दिसावं इतकी जवळ.

लगेच हॉस्पिटलात जाऊन फुमिएला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, कानाएला घेऊन जा. कानाए आमची मुलगी. ओसाकात असते. तिला लुट्झ आणि फ्लिप या दोन उड्यांतला फरक कळत नाही. तिकीट वाया जाईल. मी म्हटलं, दुसरी जागा तुझी. बायको हसली. हसली म्हणजे कबूल.

डॉक्टर त्सुरुताबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं की फुमिएचं वर्षअखेरपर्यंतच धरून चला. बाई कानाएपेक्षा लहान दिसतात. माझं मत: मार्क फार कमी दिले. मी जन्मभर मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात तपासनीस होतो. स्कॅनच्या एका फोटोवरून अख्खा लॉट बाद करत नसतात.

१९ ऑक्टोबर

मोसमातली पहिली स्पर्धा. फुमिएच्या खाटेजवळच्या टीव्हीवर पाहिली. तिचा लाडका सोइची मिनोवा. वय एकोणतीस, म्हणजे या खेळात आजोबा. माझं स्पष्ट मत आहे की त्याची चार फेऱ्यांची उडी पावणेचार फेऱ्यांची असते. उरलेला पाव फेरा तो बर्फावर टेकल्यावर गुपचूप उरकतो. पंच डोळे मिटून घेतात. का? तर म्हणे हात सुंदर. हात सुंदर असलेल्यांनी बासरी वाजवावी.

माझा गाकु तेन्मा, वय अठरा. फेरे पूर्ण, उतरणं स्वच्छ, हिशेब नीट. फुमिए म्हणते, पोराचा चेहरा पाटीसारखा कोरा. मी म्हणतो, चेहऱ्याला मार्क नसतात. ती म्हणते, तुम्ही कारखान्यातून घरी आलाच नाहीत अजून.

मिनोवाच्या वेळी ती म्हणाली, अहो, एवढी चार मिनिटं गप्प बसाल का. बसलो. पण तो उतरताना अडखळला. मग बोलावंच लागलं.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी नर्सकडे तक्रार केली म्हणे. माझ्या मताबद्दल नव्हे, आवाजाबद्दल.

संकल्प: मिनोवा बर्फावर असताना तोंड उघडायचं नाही.

२६ ऑक्टोबर

फुमिए म्हणाली, मला घरी न्या. पुन्हा म्हणाली, अहो, ऐकताय ना, जे व्हायचं ते मला घरी होऊ दे. त्सुरुताबाईंचीही हरकत नाही. रोज नर्स घरी येते, खाट भाड्याने मिळते, दुखण्यावरचं औषध घरी देता येतं.

मी शांतपणे विचार केला. स्पर्धा जवळ आली की कुठलाही खेळाडू बिऱ्हाड हलवत नाही. डिसेंबरात तिला ताकद लागणार. इथे डॉक्टर हाताशी आहेत, जेवण वेळेवर येतं. म्हणून निर्णय: आधी राष्ट्रीय स्पर्धा, मग घर. तिला नीट समजावून सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड केलं. थकली असावी.

३ नोव्हेंबर

हल्ली भेटीत फुमिए दुसरेच विषय काढते. कपडे धुण्याचं मशीन कसं चालवायचं. जळणारा कचरा कुठल्या पिशवीत, प्लास्टिक कुठल्या वारी. सूपमध्ये मिसो, म्हणजे ते सोयाबीनचं आंबवलेलं वाटण, कधी घालायचं (गॅस बंद केल्यावर, म्हणे). मी म्हटलं, तू आल्यावर बघू. ती म्हणाली, लिहून तरी घ्या. मी म्हटलं, पेन नाही.

पेन खिशात होतं. पण मला सध्या वेळ नाही. तेन्माच्या नव्या कार्यक्रमाचा अभ्यास चालू आहे.

कचऱ्याची पिशवी शेजारच्या इनागाकीबाईंनी परत दारात आणून ठेवली. चुकीचा वार.

९ नोव्हेंबर

स्टेडियमला फोन केला. सहाव्या रांगेपर्यंत पायऱ्या आहेत, व्हीलचेअर जाणार नाही. म्हणजे चालण्याचा सराव हवा. आजपासून सुरू केला. पहिला टप्पा: खाटेवर नुसतं बसायचं. फुमिए बसली. मग तिला उलटी झाली. सराव थोडक्यात आटोपला. नर्स ओनोदाबाई माझ्याशी जरा तुटक बोलल्या. खेळातलं कळत नाही त्यांना.

२२ नोव्हेंबर

मोठी स्पर्धा. आता फुमिएला स्वतंत्र खोली दिली आहे, त्यामुळे मोकळेपणाने बोलता येतं. मिनोवाचं संगीत: तेच पियानोचं रडगाणं, सलग तिसरं वर्ष. पोशाख: बाह्यांना झालरी. एवढंच बोललो होतो, तेवढ्यात टीव्हीच्या कार्डातले पैसे संपले. पडदा काळा. कॉरिडॉरमधल्या मशीनवर दुसरं कार्ड आणायला धावलो. मशीनपुढे एक म्हातारे गृहस्थ चष्मा शोधत होते. परत येऊन कार्ड घातलं तर मिनोवा शेवटच्या गिरकीत. मी ओनोदाबाईंनी मागवलेली चादर आणायला पुन्हा बाहेर गेलो आणि तो नमस्कार करत असताना आलो.

विचारलं, मी नसताना शेवट कसा झाला? फुमिए म्हणाली, छान. मी म्हटलं, छान हे मत नव्हे. तोल सांभाळला का? म्हणाली, सगळं छान होतं.

घरी येऊन रेकॉर्डिंग पाहिलं. पहिला भाग बरा होता. शेवटच्या गिरकीनंतर कार्यक्रम संपवताना गडी चक्क घसरून बसला बर्फावर. यात छान काय? आवडत्या खेळाडूपुढे बायकोचे डोळे बंदच होतात. पक्षपात.

३० नोव्हेंबर

कानाए आली. कॉरिडॉरमध्येच भडकली. म्हणाली, आई महिनाभर घरी न्या घरी न्या म्हणतेय आणि तुम्ही तिकिटं कसली कवटाळून बसलात, बाबा? मी म्हटलं, तिचं ध्येय ठरलंय, मध्येच फाटे फोडू नकोस. कानाए म्हणाली, ध्येय तिचं नाही, तुमचं. तुम्हाला आईशी बोलायची भीती वाटते, म्हणून त्या पोरांच्या उड्यांबद्दल बोलता.

मत निराधार आहे. पुरावा काही दिला नाही. मग ती रडायला लागली आणि चर्चा तिथेच थांबली.

रात्री झोप लागली नाही. बहुधा कॉफी.

७ डिसेंबर

बसायला जाड उशी आणि खिशात ठेवायच्या गरम पुड्या आणल्या. दोन-दोन. बर्फाजवळ गारठा फार.

फुमिए बराच वेळ झोपून असते. त्सुरुताबाईंनी सांगितलं, दुखणं डोक्यापर्यंत पोचलंय. नजर गेले काही आठवडे कमी होत होती, आता जवळपास नाहीच. मी विचारलं, एकवीस तारखेपर्यंत सुधारेल का? बाईंनी मला बसायला खुर्ची पुढे केली. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची यांना सवय नाही.

म्हणजे त्या दिवशी 'छान' म्हणाली तेव्हा तिला दिसतच नव्हतं. मला सांगायचं नाही का? मी काय परका आहे?

११ डिसेंबर

ठरलं. फुमिएला घरी न्यायचं. कल्पना मुळात माझीच. खाटेसाठी फोन केला, बैठकीतलं टेबल सरकवलं, अंगणाकडची काच पुसली. पहिल्यांदाच पुसली. बरीच मळली होती.

दुपारी त्सुरुताबाईंना सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, आता नाही हलवता येणार, गाडीतला प्रवास सोसायचा नाही. मी म्हटलं, तुम्हीच तर हो म्हणाला होतात. म्हणाल्या, तेव्हा म्हणाले होते. ऑक्टोबरात.

खाटवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, काही हरकत नाही, असं होतं कधीकधी. फार सभ्य माणूस. फोन ठेवल्यावर मी टेबल होतं तिथे आणून ठेवायला गेलो आणि तिथेच बसून राहिलो. चूक माझी आहे. खोडून काढायला मुद्दा सापडत नाही.

२० डिसेंबर

तिकिटं परत केली. शेवटी टीव्हीवर कोन चांगले दिसतात. सहाव्या रांगेतून पलीकडच्या कोपऱ्यातली उडी अंदाजानेच बघावी लागते.

२१ डिसेंबर

संध्याकाळी टीव्ही लावला. नवं कार्ड, पूर्ण भरलेलं. कानाए खाली जेवायला गेली होती. मिनोवा बर्फावर आला. मी ठरवल्याप्रमाणे तोंड घट्ट मिटलं.

अर्ध्या मिनिटाने फुमिए म्हणाली, अहो, गप्प का? सांगा ना.

मी सांगायला लागलो. डाव्या पायाची आतली धार, वेग मध्यम. ती म्हणाली, ते नको. कसा दिसतोय ते सांगा. मी नीट पाहिलं. म्हटलं, पोशाख निळा आहे. थकलेला दिसतोय. आपल्याच अंगणातून चालावं तसा चालला आहे. ती म्हणाली, हं.

मग त्याने चार फेऱ्यांची उडी घेतली आणि आडवा झाला. सपशेल. मी म्हटलं, चार! पूर्ण चार फेरे, पिसासारखा उतरला! जन्मात कधी खोटा शेरा दिला नव्हता.

ती म्हणाली, खोटं. लोक हळहळले, ऐकलं मी. आणि हसली. म्हणाली, जमत नाही हो तुम्हाला.

मग म्हणाली, बंद करा ते. तेन्मा अजून यायचा होता. बंद केला.

म्हणाली, आता मला घरी न्या. मला रडू आलं. म्हटलं, डॉक्टर नाही म्हणतात गं. ती म्हणाली, तसं नाही हो, आत्ता सांगत होतात तसं. तोंडानेच न्या.

मी तिचा हात धरला आणि निघालो. कुलूप काढलं. बूट काढले. म्हटलं, तुझ्या हिरव्या सपाता पुढे ठेवल्यात. म्हणाली, निळ्या आहेत त्या. बरं, निळ्या. आत आलो. डाव्या हाताला स्वयंपाकघर. उजव्या हाताला भिंत.

मग, म्हणाली ती. भिंतीवर?

लग्न झाल्यापासून रोज त्या भिंतीसमोरून गेलो असेन. तिने तिथे काय टांगलंय ते मला काही केल्या आठवेना.