पाहुण्यांचं पाणी

कोरोग्वे, १२ मार्च १९९७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण दात. दार-एस-सलामचे दातांचे डॉक्टर कटाबारो तीन विद्यार्थ्यांना घेऊन आठवडाभर आमच्या बालगृहात विनामूल्य काम करून गेले. न्हाव्याची खुर्ची आणून आंब्याखाली मांडली आणि त्रेचाळीस मुलांचे जबडे तपासले. एकोणीस दात काढले. आठवडाभर मक्याच्या घट्ट उगालीऐवजी पेज शिजवावी लागली म्हणून स्वयंपाकीण रुसून होती. शेवटच्या दिवशी त्यांनी तिचीच दाढ काढली, तेव्हा ती गप्प झाली.

आता उपेन्दोबद्दल. सात वर्षांपूर्वी इथल्या बसस्टँडवर पोलिसांना सापडलेली पोर. तेव्हा पाचेक वर्षांची होती आणि वर्षभर एक शब्द बोलली नाही; नाव आम्हीच ठेवलं. तिचे पुढचे दात तपकिरी आहेत. मी रोज दोनदा कोळशाच्या पुडीने घासून घ्यायचे आणि आळशी म्हणायचे. ती तोंडावर हात ठेवूनच वाढली. डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, हा मळ नाही. हे पाणी आहे."

उत्तरेकडच्या मेरू पर्वताच्या पायथ्याचं पाणी लहानपणी प्यायलं की दात जबड्यात घडतानाच असे होतात म्हणे. नुकत्याच येऊ लागलेल्या मागच्या दाढा मात्र पांढऱ्या आहेत. म्हणजे पाच वर्षांपर्यंत ती तिथे होती, मग नव्हती. दादा, ते तुमच्याच गावाकडचं पाणी.

मी डिसेंबरात निवृत्त होते आहे आणि तिला घेऊन उसांगीच्या आपल्या घरी जायचा विचार आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. जूनमध्ये तिच्या ताब्यासाठी कचेरीत कागद द्यायचा आहे. तिच्या नात्यातलं कुणी ठाऊक नाही, असं त्यात मला सहीनिशी लिहायचं आहे. परवापर्यंत ते खरं होतं.

वहिनींना कोळशाचं सांगू नका.

आपली,
नामसिफू


उसा नदी, २५ मार्च १९९७

चि. नामसिफूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र तुझ्या वहिनीनेच आधी फोडलं. ती हसली, मग बराच वेळ हसली नाही. दर नाताळला तू माझ्या चारही पोरांसाठी कोळशाची पुडी पाठवायचीस, सोबत चिठ्ठी, की पोरांना बिनदुधाचा चहा देऊ नये. पंधरा वर्षं तिने ती पुडी केळीच्या मुळाशी टाकली आणि मला एका शब्दाने बोलली नाही. म्हणते, नणंदबाईंना डॉक्टर भेटला ते बरं झालं, माझं तर त्यांनी ऐकलंच नसतं. केळी मात्र चांगली आली, असंही कळवायला सांगितलं आहे.

तुझ्या उपेन्दोचं म्हणशील तर इथे अख्ख्या मंडळीचे दात तसेच आहेत. पोर हरवलेली घरंही एकदोन नाहीत. तिला काही आठवतं का ते विचार. घर, जनावर, काहीही.

कागदावर सही करू नको असं मी म्हणत नाही. मी भाऊ आहे, कचेरी नव्हे. पण तू विचारल्याशिवाय सही करणार नाहीस, एवढं मी तुला ओळखतो.

तुझा,
एलिनेमा


कोरोग्वे, २ मे १९९७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाच आठवडे मी विचारलं नाही. कामं होती, असं लिहिणार होते. कामं नेहमीच असतात.

शेवटी मंगळवारी चवळी निवडताना विचारलं. आधी काहीच आठवत नाही म्हणाली. मग मान खाली घालून म्हणाली, की एक म्हातारी होती आणि तिच्याकडे दोन माठ होते. एक रोजचा. दुसऱ्यात पावसाचं पाणी, वर झाकण, झाकणावर दगड. ते पाहुण्यांचं. त्याला हात लावला की म्हातारी हातावर मारायची.

आई नाही, गाव नाही, नाव नाही. एवढ्यावरून कोण सापडणार, असं म्हणून हे पत्र मी तीन दिवस उशाशी ठेवलं. आज टाकते आहे, नाहीतर सही करून मोकळी होईन.

ती आता कोळशाने घासत नाही. हात मात्र तोंडावरून काढत नाही.

वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्यांना काय लिहावं ते अजून जमलेलं नाही.

नामसिफू


उसा नदी, १२ मे १९९७

चि. नामसिफूस,
आशीर्वाद.

काल प्रार्थनेनंतर नेहमीसारखा चर्चच्या अंगणात दानाच्या वस्तूंचा लिलाव होता. लिलाव मीच पुकारतो, हे तू जाणतेसच. अंडी झाली, केळीचे दोन घड झाले. मग मी तुझ्या पत्रातला दोन माठांचा मजकूर वाचून दाखवला.

लोक हसले. इथे सगळ्यांना ठाऊक आहे, की झाकणावर दगड ठेवणारी एकच. एलिफुराहा म्हातारीकडे पाहुणा व्हावं आणि घरचा होऊ नये, असं पोरं म्हणतात. ती कोंबडी घेऊन लिलावाला आली होती. ती हसली नाही. कोंबडी सोडून खाली बसली.

मग कळलं ते असं. तिची धाकटी मुलगी नातीला घेऊन दार-एस-सलामला निघाली होती. वाटेत आजारी पडली, टांगा शहरातल्या इस्पितळात गेली. निरोप आला तो तिच्या दफनानंतर. पोर बसमधूनच पुढे गेली असेल असं समजून यांनी तिला दार-एस-सलामभर शोधलं. कोरोग्वेत बस पाच मिनिटं थांबते, तिथे कोण शोधणार?

नातीचं नाव अनाएली. म्हातारीने दुसरं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "निघायच्या सकाळीही मी तिला त्या माठावरून मारलं होतं. तिला तेवढंच आठवलं का?"

मी म्हटलं, तेवढं आठवलं म्हणून तर सापडली. पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

पुढचं तू ठरव.

एलिनेमा


कोरोग्वे, २४ मे १९९७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कागद पाठवला. नात्याच्या रकान्यात एलिफुराहा, आजी, असं लिहिलं. अक्षर बरं आलं आहे.

शनिवारच्या बसने तिला घेऊन येते आणि रविवारी परतते. इथे बेचाळीस आहेत, सहा जणांचे दुधाचे दात हलताहेत. थांबायचा आग्रह करू नका, विशेषतः वहिनींनी. त्यांची माफी मी समोरच मागेन, तेव्हा तुम्ही केळी बघायला जा.

नामसिफू


उसा नदी, २२ जून १९९७

ती. मोठ्या आईस,
अनाएलीचा (उपेन्दोचा) सा. न. वि. वि.

मी बरी आहे. तुम्ही बऱ्या आहात ना? इथे मला अनाएली म्हणतात. हाक कानावर येते, पण वळायला उशीर होतो. वर्गात तोंडावर हात ठेवणारी मी एकटीच होते. गेल्या रविवारी लिलावात एलिनेमा काकांनी आजीची कोंबडी आजीलाच विकली तेव्हा मी हसले. सवयीने हात वर गेला, तो आजीने धरला आणि लिलाव संपेपर्यंत सोडला नाही.

आल्यापासून आजी मला दात पांढरे व्हावेत म्हणून पाहुण्यांच्या माठातलंच पाणी द्यायची. रोजच्या माठाला हात लावला तर रागावते, मारत नाही. झालेले दात आता बदलत नाहीत असं डॉक्टर म्हणाले होते, ते मी तिला सांगितलं. ती ऐकत नाही.

शेवटच्या पावसात तिने तो माठ काठोकाठ भरला आणि दगड ठेवला. आता मलाही हात लावायला बंदी आहे. माझं पावसाचं पाणी ती बादलीतून देते. मी विचारलं, हे कुणासाठी? तर म्हणाली, डिसेंबरात पांढऱ्या दातांची बाई निवृत्त होऊन येणार आहे तिच्यासाठी.

तुम्ही किती दिवस राहाल ते तिला ठाऊक नाही. म्हणून तिने आणखी एक माठ घेतला आहे.

आपली,
अनाएली