बाक कुठे कापायचा ते सांगा

अहो,

साष्टांग नमस्कार. रामधनी मिस्त्री चहा प्यायला खाली गेलाय, तेवढ्यात लिहून घेते. त्यानं माझ्या हातात खडू दिलाय. म्हणतो, "अम्मा, जहाँ कहब, ओहीं से काटब." आता मी काय सांगू? या घरात पडदा कुठल्या रंगाचा आणायचा हे तरी मला कुणी विचारलं होतं का? आणि आज एकदम तुमचा बाक कुठे कापू म्हणून विचारतायत!

ती जुनी मॅटाडोर व्हॅन घेतलीत तेव्हा सगळी गल्ली हसली होती. तुम्ही म्हणालात, "सगळा देश मरायला आपल्या दारी येतो. आपण जगायला कधी बाहेर पडायचं?" कुलदैवत कोकणात आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या इथं काशीत, दूधविनायकात! समुद्र मी फक्त कॅलेंडरावर पाहिलाय. मग काय, मीही हो म्हटलं.

रेल्वेत जन्म गेलेला माणूस. गाडीत बर्थ हवाच! म्हणून हा बाक: दिवसा बसायला, रात्री झोपायला, खाली झाकणाचं खोकं, त्यात तांदूळ-डाळ. स्टोव्हच्या फळीला कठडासुद्धा केलात, म्हणजे गचका बसला तरी आमटी सांडायची नाही. आमटीचं तुम्हाला फार हो. परवा मी केली तर गौरी म्हणाली, आजी, मीठ विसरलीस. असो.

गाडी गल्लीत येत नाही, म्हणून बाक वरच्या खोलीतच करायला घेतलात. गाडीची लांबी मोजलीत, रुंदी मोजलीत, चाकावरचा उंचवटासुद्धा पुठ्ठा कापून बेतलात. जिन्याचं वळण तेवढं मोजलं नाहीत! जन्मभर चढलात की हो तो जिना!

रामधनी तेव्हाच म्हणत होता, पेच लावा, सोडवता येईल. तुम्ही ऐकलंत? नाही. सरस आणि खिळे! "गाडी हादरली तरी बाक हलता कामा नये." बघा, आता हलत नाही.

बाक वळणावर अडकला तेव्हा खालचा पानवाला ओरडला होता, "का काका, रेल घरे में बना देहला? अब पटरियो बिछा दा!" सगळ्यात जास्त तुम्हीच हसलात. बाक परत वर चढवलात आणि म्हणालात, "उद्या बघू काहीतरी." त्या उद्याच्या आधीच तुम्ही गेलात.

तुम्हाला नेलं ते त्याच वळणावरून. कुणाला क्षणभर थांबावंही लागलं नाही. मी वरून बघत होते. मला वाटलं, अडकू दे ना जरा. असं वाटू नये, पण वाटलं.

श्रीधर म्हणतो, "आई, बाक राहू दे इथं. गाडी विकून टाकू." तर गौरी बापावर धावून गेली. "बाबा, बिलकुल नाही! आजीला समंदर दाखवायचाय." तुम्ही ड्रायव्हर ठेवणार होतात ना? अहो, आता तुमची नात मॅटाडोर चालवते! पाठीशी उशी घेऊन बसते, पण चालवते. मी तर बघतच राहते. तुम्ही असतात तर घाटाघाटावर सांगत फिरला असतात.

पण बाक कापल्याशिवाय निघत नाही. खिडकीतून उतरवायला तिची दगडी चौकट काढली तर वरचं छत खाली येईल. श्रीधर म्हणाला, मधोमध कापा, सारखे दोन तुकडे होतील. मिस्त्रीही म्हणाला, ठीक है, गाडीत लोखंडी पट्टीनं जोडून देतो, आणि मधोमध खूण करून ठेवली.

म्हणून मी आत्ता बाकावर नेहमीच्या जागी मांडी घालून बसून पाहिलं. तर मधली खूण माझ्या गुडघ्याखालीच आली! असं कसं?

मग आठवलं. तुम्ही मला इथंच बसवून माप घेतलं होतं. "अगं, नीट ऐसपैस बस. तुझ्या गुडघ्यांना जागा लागते." माझ्याभोवती पेन्सिल फिरवलीत. उरलं ते तुमचं. मला वाटायचं, निम्मं-निम्मं असेल. आज हात लावून पाहिलं. अहो, एवढ्याशा जागेत तुम्ही कोकणापर्यंत बसणार होतात? पाय लोंबकळत? मला सांगितलंत का नाही?

आता भांडू तरी कुणाशी!

जिन्यात खोकला ऐकू येतोय. आला मिस्त्री. मी मधोमध रेघ मारणार नाही. माझी जागा जिथे संपते तिथं मारीन. तुमचा तुकडा लहान होईल, रागावू नका, तो तुम्हीच लहान केलाय. रेघ सरळ मारीन. आणि गाडीत तुमच्या तुकड्यावर कुणाला पिशव्या ठेवू देणार नाही, हा माझा शब्द. गौरी दमून तिथं डोकं टेकवेल, तिला मात्र उठवणार नाही.

जिच्या मापाचा बाक केलात,
ती तुमची
अगं