राजूरला गेलेल्या दूर्वा

आषाढ वद्य षष्ठी, १९५८

माय, तू जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. तुला वाचता येत नव्हतं, ही सबब मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. पण मी पुण्याला शिकत होतो तेव्हा माझी पत्रं तू शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यायचीस आणि सुट्टीत मी आलो की त्यातल्या एकेका वाक्याचा जाब विचारायचीस. तेव्हा सबब खरी नाही. परवा एक गोष्ट घडली. ती दुसऱ्या कोणाला सांगितली तर त्याला अर्धीच कळेल, म्हणून आज बसलो आहे.

मी सध्या जालन्यात सरकारी विश्रामगृहाच्या बागेवर अधिकारी आहे. बागेत सगळ्यात मोठं काय आहे ते ऐकलंस तर तुला हसू येईल. अर्धा एकर हरळी. हो, तीच. तू दुसऱ्यांच्या कपाशीतून आणि ज्वारीतून जन्मभर खुरप्यानं खणून काढलीस ती हरळी मी मुद्दाम लावली आहे, तिला पाणी देतो, मशीनने कापतो आणि त्याचा पगार घेतो. पाहुणे तिच्यावर खुर्च्या टाकून चहा पितात. आणि मी जे उपटतो ते तू ओच्यात भरून घरी आणायचीस. घोळ, तांदुळजा, पाथरी. चुलीपुढे बसून तू घोळीची पातळ भाजी ढवळते आहेस आणि मी भाकरी हातात धरून वाट बघतो आहे, हे मला अजूनही दिसतं. हिरवळीत मात्र तीच घोळ तण ठरते. त्यात सराटा असला तर अनवाणी चालणाराच्या पायात काटे भरतात, म्हणून साहेबलोकांच्या तक्रारी येतात.

यंदा वरून एक नवं औषध आलं. टू-फोर-डी म्हणतात. रुंद पानाच्या झाडावर ते पडलं की झाड मरायच्या आधी वेड्यासारखं वाढतं, देठ पिळवटतात, पानं गुंडाळतात आणि आठ-पंधरा दिवसांत सगळं सुकून जातं. गवताला काही होत नाही. मला हे औषध पटलं आणि अजून पटतं. चार बायकांचं महिनाभराचं खुरपणं एक माणूस पाठीवरचा पंप घेऊन एका सकाळी करतो. त्या चार बायकांचं काय, हा प्रश्न मला पडला, तो मी वहीत लिहून ठेवला आहे, आणि त्यांना रोपवाटिकेत काम देता येईल का ते बघतो आहे. पण औषध वापरायचं मी नक्की केलं होतं.

काळजी मी सगळी घेतली, असं मला वाटत होतं. भिंतीपलीकडे कपाशी आहे, आणि कपाशीला या औषधाचा वासही सोसत नाही. म्हणून वारा पूर्ण पडलेला असताना, उघडीप बघून, फवारा जमिनीलगत धरून मारला. कपाशीचं एक पान वाकडं झालं नाही. पंप तीन वेळा धुतला आणि त्याच्यावर रंगाने खूण केली, म्हणजे कोणी कपाशीच्या फवारणीला मागून नेणार नाही. भाजी तोडायला येणाऱ्या बायकांना आधी दोन दिवस सगळी भाजी नेऊ दिली, मग फाटकावर पाटी लावली, की इथली भाजी तोडू नये, औषध मारलेलं आहे. वाचता न येणाऱ्यांना माळ्याकडून तोंडी सांगितलं. ही पाटी लिहिताना तूच डोळ्यांपुढे होतीस.

फवारणीनंतर तिसऱ्या दिवशी संकष्टी होती. सकाळी मी बघायला गेलो. घोळीचे देठ मुरडायला लागले होते, सराटा मान टाकून पडला होता आणि हरळी हिरवीगार होती. मी खूष होतो. भिंतीकडेच्या पट्ट्यात, जिथे मशीन फिरत नाही आणि गवत वीतभर वाढतं, तिथे मात्र एक कोपरा बुटका दिसला. वाकून पाहिलं तर चरलेलं नव्हतं. एकेक शेंडा नखाने खुडलेला होता.

माळी म्हातारा आहे, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. मी विचारलं तर त्याने सहज सांगितलं, की राजूरच्या गणपतीपुढे दूर्वा विकायला बसणारी म्हातारी बहिणीकडे आल्ती, ती काल सांजेला पाटीभर दूर्वा खुडून आज पहिल्या मोटारीने गेली. दर संकष्टीला नेते. मी म्हटलं, तिला का नाही अडवलं? त्याला माझं बोलणं खरोखरच कळलं नाही.

"साहेब, तुम्ही भाजीला न्हाई म्हणले होते. दूर्वेला कुठं न्हाई म्हणले?"

माय, मी राजूरच्या शिवारात वाढलेला माणूस. देवाच्या दूर्वा म्हणजे हीच हरळी, आणि ती कोणाच्याही अंगणातून घ्यायची, त्याला विचारायचं नसतं, हे मला कोणी शिकवायला हवं होतं का? पण मी मरणाऱ्या पानांचा विचार केला होता. जे मरत नाही त्याच्यावरही औषध बसलेलं असतं, हे फाटकावरच्या पाटीवर मी लिहिलं नव्हतं. डब्यातल्या कागदावर स्पष्ट छापलेलं आहे, फवारलेल्या गवतावर काही दिवस जनावरं चारू नयेत. आणि राजूरला वाहिलेल्या दूर्वा पायरीखालच्या गायींपुढे टाकतात. कोणी उन्हाळी लागून लघवीला जळजळ झाली म्हणून दूर्वांचा रसही काढून पितात. तूच मला पाजला होतास.

मी स्वतःशी हिशेब केला की पाटीभर दूर्वेवर औषध असून असून किती असणार. कदाचित कोणाला काही झालंही नसतं. पण माझ्याकडे नक्की उत्तर नव्हतं, आणि वरिष्ठांना त्याच आठवड्यात अहवाल हवा होता. प्रयोग निर्धोक ठरला तर सगळ्या बंगल्यांवर हेच औषध माझ्या देखरेखीखाली मारायचं होतं. राजूरला जाऊन चार लोकांत बोललो तर ती गोष्ट माझ्याआधी कचेरीत पोचणार होती. मी दहाच्या मोटारीने गेलो.

म्हातारी पायऱ्यांजवळ ओल्या फडक्याखाली पाटी झाकून बसली होती. निम्मी पाटी संपली होती. मी तिच्याजवळ उकिडवा बसलो आणि मावशी म्हणून सगळं सांगितलं. तिने एक जुडी उचलून माझ्या नाकापुढे धरली.

"हिरवं हाय की. मेलेलं असतं तर म्या खुडलं असतं का?"

"तेच तर, मावशी. हे मरत न्हाई, म्हणूनच मी आलो."

तिने जुडी परत फडक्याखाली ठेवली आणि विचारलं, आता हे लोकांना सांगणार कोण. "म्या सांगितलं तर पुढच्या संकष्टीला माझ्याकडून कोण घेईल?"

मग मी पायरीवर उभा राहिलो आणि सांगितलं, की या बाईकडून सकाळपासून ज्यांनी दूर्वा नेल्या त्यांनी त्या जनावराला घालू नयेत, रस काढू नये. यात तिची काही चूक नाही, औषध मी मारलेलं आहे. दोनदा सांगितलं. गर्दीतून एकाने विचारलं, "सरकारनं आता गवताला बी दवा पाजायला घेतली का?" लोक हसले. मीही हसायला हवं होतं, जमलं नाही. पुजारी पुढे आले आणि शांतपणे म्हणाले, "म्हणजे देवाला चालंल, पण गाईला न्हाई. बराबर?" मी म्हटलं, गाईचं मी सांगू शकतो, देवाचं माझ्या खात्यात येत नाही. त्यांनी गाभाऱ्यातल्या आणि म्हातारीच्या पाटीत उरलेल्या दूर्वा गोळा करवून मागच्या खड्ड्यात पुरायला लावल्या. गायींपुढे तोवर काही टाकलेलं नव्हतं.

म्हातारीची पाटी रिकामी झाली होती आणि संध्याकाळची गर्दी यायची होती. मी तिच्याबरोबर ओढ्याच्या काठाला गेलो आणि आम्ही दोघांनी दूर्वा खुडल्या. तासाभराने तिने माझ्या हातातली मूठ बघितली आणि वैतागली. "मुळासकट काय उपटून राह्यले? शेंडा घ्या, तीन पानांचा. पुढच्या बारीला काय खायचं म्या?"

माय, हा हात तुझा आहे. मी नऊ वर्षांचा असताना पाटलाच्या कपाशीत माझ्या वाट्याच्या तासात, त्या एका ओळीत, हरळी वरवर ओरबाडली होती आणि मुळांवर माती लोटून दिली होती. तू दोन बोटांनी माती बाजूला केलीस. मारलं नाहीस. म्हणालीस, "जा, पाटलाला सांगून ये. तुझ्या तोंडानं." मी गेलो होतो. त्यानंतर मी हरळी मुळाशिवाय उपटलीच नाही.

अहवाल आज लिहून झाला. औषध उत्तम आहे असं मी लिहिलं आहे, कारण ते आहे, आणि राजूरची हकिकतही पूर्ण लिहिली आहे. तू असतीस तर एवढ्यावर मला शाबास म्हणाली असतीस. म्हणून अहवालात नसलेली एक गोष्ट तुला सांगतो. माळ्याने दूर्वेचं सांगितल्यावर मोटारीची वेळ विचारण्याआधी मी त्याला दुसरंच काम सांगितलं होतं. भिंतीकडेच्या सगळ्या पट्ट्यावर मशीन फिरव. खुडलेला कोपरा कोणाला दिसू नये म्हणून. त्याने फिरवलं. मी परत आलो तेव्हा पट्टा एकसारखा झाला होता.

हे पत्र मी वहीतच ठेवतो आहे. मास्तरही आता नाहीत.

उद्याचं काम: फाटकावरच्या पाटीवर भाजीच्या खाली लिहायचं, ‘दूर्वासुद्धा’. अक्षर मोठं.