पहिलीच बाहेर

९ फेब्रुवारी, सोमवार

चि. भिंगरीस आत्याचे आशीर्वाद.

घरी सगळे ठणठणीत. तुझ्या आईचा खोकला गेला; माझ्या प्रयोगशाळेतला नळ अजून गळतो. पत्र पोचलं. अक्षर सुधार.

येत्या रविवारच्या निवडचाचणीत पुन्हा सायकल काढायची की घरी यायचं, असं विचारतेस. आधी नियमावरची कुरकुर थांबव. एलिमिनेशन शर्यत आहे ती: दर दोन फेऱ्यांनी जिचं मागचं चाक सर्वांत शेवटी रेषा ओलांडतं, ती बाहेर. तू अंतर वाचवायला आतल्या कडेने गेलीस, उतरत्या ट्रॅकच्या वरच्या, बाहेरच्या बाजूने बाकीच्या आल्या आणि तू कोंडून पहिलीच बाहेर गेलीस. पाय कमी पडले नाहीत. जागा चुकली.

पुढे लिहितेस, ‘आत्या, तूच शिकवलंस, रसायनातल्या एलिमिनेशनमध्येही रेणूतून पाणी बाहेर फेकलं जातं. ते पाणी म्हणजे मी.’ परीक्षेत हे लिहिलं असतंस तर मी अर्धेच गुण दिले असते. पाणी गेल्यावर उरलेल्या दोन कार्बनमधला एकेरी बंध दुहेरी होतो, ते कुठे गेलं? आणि रसायनशास्त्रात रडगाणं घुसवू नकोस. पाण्याच्या रेणूला बाहेर पडल्याचं वाईट वाटत नाही, पण त्याला पुढचा रविवारही मिळत नाही. तुला मिळालाय.

आता जे टाळत होते ते लिहिते. या पत्राला मी आपणहून बसले नाही. तुझ्या बाबांनी बसवलं.

“तुझं ती ऐकते. लिही, हौस फिटली, सामान बांध आणि ये.”

“दादा, हरली ती आणि घाबरलास तू?”

“पडली असती म्हणजे?”

“पडली नाही. बाहेर काढली. फरक आहे.”

“तू बाई मास्तरीणच राहणार!”

“आणि तू बाप. पत्र मी लिहितेय ना? मग मला पटेल तेच लिहीन.”

इथवर लिहून त्याला वाचून दाखवलं. उठून गच्चीवर गेला. मला वाटलं, आता जेवायलाही येत नाही. आला. धपकन खुर्चीत बसला आणि म्हणाला, “कोंडली म्हणजे नक्की काय गं?”

मी टेबलावर वाट्या मांडून दाखवलं. त्याने खुर्ची पुढे ओढली. मग सर्वांत आतली वाटी उचलली आणि बाहेरच्या बाजूला, सगळ्यांच्या वर ठेवली.

“अशी जा म्हणावं.”

तेव्हा तशी जा. घरी येऊ नकोस.

तुझी आत्या,
आणि हे पत्र टाकायला स्वतः निघालेले तुझे बाबा