दानात गेलेला फोन

४ फेब्रु., मंगळ. विटा
यांचं बारावं उरकलं. शय्यादानात गादी, छत्री, यांच्या करकरणाऱ्या चपला. भाऊजींनी वर यांचा फोनही ठेवला. "वयनी, दादाला फोनबिगर करमायचं न्हाई." मलाही पटलं. सिम तेवढं काढून घेतलं. दान घेणारा आटपाडीकडचा, अनोळखी. मान खाली घालून गेला.

८ फेब्रु., शनि.
माझ्या फोनवर नवा फोटो. मी काढलेला नाही. उजाड माळ, एक बाभूळ, कोपऱ्यात अंगठा. यांच्या प्रत्येक फोटोत अंगठा यायचा. किती चिडवायचे मी.

९ फेब्रु., रवि.
साताऱ्याहून लेकीचा, शुभाचा फोन. तिच्याकडेही तोच फोटो. हे मदुराईत, सोनं गाळायच्या गलाई दुकानात, आम्ही इकडे. घर दिसत राहावं म्हणून यांनीच तिघांचे फोन एका खात्यावर घेतले होते. "आई, समदं क्लाऊडवर हाय. फोन ज्याच्या हातात, त्याला आपलं आधार, दागिनं, माझं बाळ, समदं दिसतंय. पासवर्ड बदल, त्यो फोन काढून टाक." कोड माझ्याच फोनवर येतो, तिला करता येईना.
खात्यावरच्या फोनांच्या यादीत यांचंच नाव. खाली 'काढून टाका'. बोट ठेवलं, उचललं. एवढ्यात यांना घालवू कशी?

१२ फेब्रु., बुध.
भाऊजी आटपाडीला जाऊन आले. दान घेणारा सापडला नाही. "त्या नावाचा माणूसच न्हाई म्हणत्यात तिथं."
संध्याकाळी दोन फोटो. विट्याचं स्टँड. मग आमच्या गल्लीतला पिंपळ. शुभाला मात्र सांगितलं, काढला गं फोन. खोटं.

१५ फेब्रु., शनि.
बाळाच्या फोटोवर तारा, आवडता म्हणून. शुभाने लावला नाही, मी नाही. यांनी बाळाला प्रत्यक्ष पाहिलंच नव्हतं. नातवाला बघायला सुट्टी काढून ठेवली होती यांनी.
शुभा चिडली. "आई, खरं सांग, काढलास का? माझ्या लेकराला कोण बघतंय?" ती बाळाला घेऊन उद्या येतेय.

१६ फेब्रु., रवि.
दुपार. शुभाची एसटी कऱ्हाडच्या पुढे आली.
आत्ताच फोटो आला. आमचं दार, बाहेरून. कोपऱ्यात अंगठा.
लेकराच्या जिवाशी खेळ नको. यादी उघडलीय, बटणावर बोट आहे.
ओट्यावर चपला करकरल्या. हे आत येण्याआधी झटकायचे तशाच, दोनदा.
बोट थांबलंय. कडी आतून लावलेली आहे, आणि मी उठलेय